हम्माम आणि अभ्यंग

धार-देवासच्या मराठी घरांतून मांडवगडाची सहल ठरलेलीच. पण जहाजमहालात रमणारे आपण चंपा बावडीजवळच्या हम्मामात क्षणभरच डोकावतो. छताला ताऱ्यांच्या आकाराची छिद्रे, गरम व थंड पाण्याची सोय. धारहून राजधानी मांडूला नेणाऱ्या माळव्याच्या सुलतानांचा तो थाट होता.

याच कुळातले हम्माम मोरोक्कोत आजही गजबजलेले असतात. रोमन स्नानगृहांची ही परंपरा अरबांनी आपलीशी केली. तिथे वाफेने अंग सैल झाले की ऑलिव्हचा काळा साबण लावतात, ‘केस्सा’ नावाच्या खरखरीत हातमोज्याने मळ काढतात आणि अॅटलास पर्वताकडची ‘घासूल’ माती केसांना चोळतात.

हे ऐकून नरकचतुर्दशीची पहाट कोणाला आठवणार नाही? पाटाभोवती रांगोळी, कोमट सुवासिक तेल, मग उटणे. आधी अंग सैल करायचे, मग मळ काढायचा, क्रम तोच. आणि दोन्हीकडे पाठीवर हात दुसऱ्याचा! तिथे शेजारणीचा, इथे आईचा किंवा आजीचा.

धार आणि देवासच्या दोन्ही पाती १९४८ साली मध्य भारतात विलीन झाल्या. पुढे घराघरांतले तांब्याचे बंबही थंडावले. मांडूचा हम्माम दगडी, म्हणून वास्तू उरली. स्नान मात्र गेले. आपल्या अभ्यंगाला वास्तू नव्हतीच. ते केवळ हातांवर टिकले. तेव्हा येत्या दिवाळीत मुलांच्या हाती तेलाची वाटी देऊन मोकळे होऊ नका. त्यांच्या पाठीला तेल आपल्याच हाताने लावा.