मेण खाणारी अळी आणि मल्चिंग पेपर

औंढा नागनाथ तालुक्यातलं सिद्धेश्वर बाहेरच्यांना माहीत आहे ते धरणामुळे. पूर्णेवर आधी येलदरी आणि तिच्या खालच्या अंगाला सिद्धेश्वर, अशी ही जोडी १९६०च्या दशकात उभी राहिली. (ही पूर्णा गोदावरीला मिळणारी. विदर्भातली, तापीला मिळणारी पूर्णा वेगळी. दोन्हींची गल्लत भल्याभल्यांची होते.) कालव्याचं पाणी आलं, विहिरींना पाझर लागला, हळदीला ठिबक आलं आणि टरबूज-मिरचीच्या बेडवर चंदेरी-काळा मल्चिंग पेपर अंथरला जाऊ लागला. त्यानं तण दबतं, ओल टिकते, पाणी वाचतं. शेतकऱ्यानं तो का वापरावा, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

अडचण सुरू होते ती पीक निघाल्यावर. पंचवीस-तीस मायक्रॉनचा हा पॉलिथिनचा पापुद्रा उन्हानं विरलेला असतो, ओढला की हातात तुकडे येतात. मातीनं बरबटलेला असल्यानं भंगारवाला त्याला भाव देत नाही. मग धुऱ्यावर ढीग लागतो आणि एखाद्या संध्याकाळी त्याला काडी लावली जाते. जे हाताला लागत नाही ते रोटाव्हेटरखाली जाऊन मातीत मिसळतं.

अशा वेळी व्हॉट्सॲपवर कुणीतरी बातमी पाठवतं: प्लास्टिक खाणारी अळी सापडली. बातमी खोटी नसते. तरीही तिच्या भरवशावर धुऱ्यावरचा ढीग ठेवता येत नाही. असं का, ते नीट पाहण्यासारखं आहे, कारण त्यातला अर्धा भाग रसायनशास्त्राचा आहे आणि अर्धा आपल्या घाईचा.

ज्यांनी मधाची पोळी हाताळली आहेत त्यांना ही अळी नवी नाही. कमजोर वसाहतीत, सोडून दिलेल्या पोळ्यात मेणकिडा शिरतो. पोळ्याची जाळी-जाळी होते, खाली भुसा उरतो. मधपाळ त्याला शत्रूच मानतात. फेडेरिका बर्टोकिनी या संशोधिका हौसेनं मधमाश्या पाळत. पेट्या साफ करताना काढलेल्या अळ्या त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत टाकल्या आणि थोड्या वेळानं पाहिलं तर पिशवीला भोकं. २०१७मध्ये केंब्रिजच्या दोन शास्त्रज्ञांसह त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले: शंभर अळ्यांनी बारा तासांत ९२ मिलिग्रॅम पॉलिथिन संपवलं.

मेण खाणाऱ्यालाच हे का जमावं? मेणाच्या रेणूत कार्बन आणि हायड्रोजनच्या लांब साखळ्या असतात. पॉलिथिन म्हणजे तशीच साखळी, फक्त कितीतरी पट लांब. लाखो वर्षं मेणावर जगलेल्या किड्याला हा पदार्थ अगदीच परका वाटू नये, हा तर्क मला पटतो.

पण भोक पडणं आणि पचणं यांत फरक आहे. स्वयंपाकघरात रव्याच्या, शेंगदाण्याच्या पुड्यात जाळं धरणारी अळीही प्लास्टिकला भोक पाडते, म्हणून तिनं प्लास्टिक पचवलंच असं होत नाही. बर्टोकिनींच्या निष्कर्षांवर त्याच वर्षी जर्मनीतल्या माइन्त्सच्या रसायनशास्त्रज्ञांनी आक्षेप घेतला. प्लास्टिकवर रासायनिक बदलाच्या म्हणून ज्या खुणा दाखवल्या गेल्या, तशाच खुणा चरबी आणि प्रथिनांचा नुसता लेप दिला तरी उमटतात, असं त्यांचं म्हणणं होतं. अळी चिरडली की तिच्या अंगातली चरबी-प्रथिनं प्लास्टिकला लागणारच. आक्षेप वाजवी होता. बर्टोकिनी त्यावर थांबल्या नाहीत. २०२२मध्ये माद्रिदमधल्या त्यांच्या गटानं अळीच्या लाळेतली दोन विकरं वेगळी काढून दाखवली आणि त्यांना डीमीटर व सेरेस या धान्यदेवतांवरून नावं दिली. साध्या तापमानाला, काही तासांत, ही विकरं पॉलिथिनच्या साखळीत ऑक्सिजन घुसवतात.

ऑक्सिजन घुसवणं ही पहिली पायरी, आणि तीच सर्वांत अवघड. एरवी हे काम ऊन करतं, पण त्याला महिनोन्‌महिने लागतात. मराठवाड्याच्या उन्हात मल्चिंग पेपर ठिसूळ होतो तो याचमुळे. उत्पादक त्यात ऊन सोसणारी द्रव्यं घालतात, म्हणून तो हंगामभर टिकतो. ती ताकद सरली की चुरा होतो. चुरा झाला म्हणजे नाहीसा झाला, असं मात्र समजू नये. मोठा तुकडा वेचता तरी येतो.

आता थोडा हिशेब करू, कारण बातम्यांत तो कुणी करत नाही. एक एकरात साधारण निम्मी जमीन पंचवीस मायक्रॉनच्या पेपरनं झाकली, तर त्याचं वजन पंचेचाळीस किलोंच्या आसपास भरतं. शंभर अळ्या दिवसाला १८४ मिलिग्रॅम संपवतात असं धरलं, तर एक किलोलाच जवळपास पंधरा वर्षं लागतील. एक लाख अळ्या पाळल्या तर एकराचा पेपर आठ महिन्यांत संपेल. तेही त्या सगळ्या जगल्या तर. नुसत्या प्लास्टिकवर ठेवलेल्या अळ्या खंगतात, वजन घटतं. शिवाय लाखभर मेणकिडे पाळणाऱ्या शेताच्या आसपास मधमाश्यांच्या पेट्या ठेवायची हिंमत कोण करेल? टरबुजाला परागीभवनासाठी मधमाश्या लागतात, हे वेगळं सांगायला नको.

अळ्यांच्या मागे एक दुसरी वाट आहे आणि मला ती जास्त आशेची वाटते: अळी सोडून तिच्या पोटातले जिवाणू घ्यायचे. २०१४मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी धान्यातल्या त्या जाळं करणाऱ्या अळीच्या आतड्यातून दोन जिवाणू वेगळे केले. ते पॉलिथिनवर वाढले, पण साठ दिवसांत वजन घटलं ते सहा आणि सुमारे अकरा टक्के. पुढच्या वर्षी स्टॅनफर्ड आणि बीजिंगच्या गटांनी पिठातल्या किड्याच्या अळ्यांना नुसत्या थर्मोकोलवर जगवून दाखवलं. शंभर अळ्या दिवसाला ३४ ते ३९ मिलिग्रॅम खात. आपल्याकडे शिव नाडर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९मध्ये ग्रेटर नोएडातल्या पाणथळीतून एक्सिग्युओबॅक्टेरियमचे दोन वाण मिळवले, तेही थर्मोकोल ज्यापासून बनतं त्या पॉलिस्टायरीनवर काम करणारे.

महाराष्ट्रातलं काम मात्र बुरशीवर झालं आहे आणि त्याची चर्चा व्हायला हवी तेवढी झालेली नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातल्या संशोधकांनी भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बारा ठिकाणांहून, जिथं खारफुटीत कचरा टाकला जातो अशा जागांवरून, तिवराच्या मुळांभोवतीची माती आणली. त्या मातीतून १०९ बुरश्या वेगळ्या केल्या आणि पॉलिथिनबरोबर साठ दिवस हलत्या फ्लास्कमध्ये ठेवल्या, आम्ल, उदासीन आणि अल्कधर्मी अशा तिन्ही द्रावणांत. ॲस्परजिलस टेरिअसच्या एका वाणानं अल्कधर्मी द्रावणात पॉलिथिनचं वजन निम्म्यानं घटवलं. ॲस्परजिलस सिडोवीच्या दुसऱ्या एका वाणानं आम्ल द्रावणात त्याची ताण सोसण्याची ताकद ९४ टक्क्यांनी कमी केली. २०१९मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये हे प्रसिद्ध झालं.

कल्पना सरळ आहे: जिथं प्लास्टिक वर्षानुवर्षं पडून आहे, तिथल्याच मातीत त्याच्यावर जगायला शिकलेलं कुणीतरी असणार. इस्लामाबादच्या कचराडेपोतून पॉलियुरेथेन तोडणारी ॲस्परजिलस ट्युबिंजेन्सिस सापडली ती याच मार्गानं. पण वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, फ्लास्कमधला सामू आणि हालचाल शेतात नसते. दोन, वजन घटलं म्हणजे सगळं पॉलिथिनच गेलं असं लगेच म्हणता येत नाही; त्यात मिसळलेली इतर द्रव्यंही गेलेली असू शकतात. खात्री हवी असेल तर प्लास्टिकमधला कार्बन जिवाणूच्या अंगात किंवा त्यानं सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये पोहोचला हे दाखवावं लागतं. इतकं कष्टाचं काम मोजक्या प्रयोगशाळा करतात.

बाटलीच्या प्लास्टिकची, म्हणजे पेटची गोष्ट यापेक्षा सुखाची आहे. पेटची साखळी म्हणजे ठरावीक अंतरावर गाठी मारलेला दोर. गाठ सोडवता आली की दोर सुटा होतो. पॉलिथिनच्या दोराला गाठच नाही. पेटमधल्या या गाठींना एस्टर बंध म्हणतात आणि निसर्गात ते जुनेच आहेत. झाडाच्या पानावरचा क्युटिनचा थर याच बंधांनी बांधलेला असतो, आणि पडलेला पाला कुजवणाऱ्या जिवाणूंकडे तो सोडवणारी विकरं असतात. २०१६मध्ये जपानच्या साकाई शहरात, बाटल्यांच्या पुनर्वापर केंद्राच्या परिसरातून घेतलेल्या नमुन्यात इडिओनेला साकायेन्सिस हा जिवाणू सापडला. अडीचशे नमुने तपासल्यावर हा एक. पेटचा पातळ पापुद्रा तो ३० अंशांना सुमारे सहा आठवड्यांत संपवतो.

त्याचं नाव गाजलं, पण कारखान्यापर्यंत पोहोचलं ते दुसरंच विकर. ओसाका विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०१२मध्ये पालापाचोळ्याच्या कंपोस्टमधून एक क्युटिन तोडणारं विकर शोधलं होतं. कार्बिओस या फ्रेंच कंपनीनं आणि तुलूझच्या संशोधकांनी त्यात फेरफार केले, आणि २०२०मध्ये दाखवून दिलं की ७२ अंशांना, दहा तासांत, दळलेल्या पेटचं ९० टक्के विघटन होतं. हाती येतो तो मूळ कच्चा माल. त्यातून नवी बाटली करता येते. कंपनीनं वर्षाला ५० हजार टन क्षमतेच्या कारखान्याची पायाभरणीही केली. मग पैशाच्या जुळवाजुळवीत मुहूर्त पुढे गेला. शास्त्र जमलं तरी खनिज तेलापासून बनलेला नवा पेट स्वस्त असला, की हे गणित अडतं.

म्हणजे जे प्लास्टिक तोडायला सोपं, त्या बाटल्या वेचून विकणारी माणसं आधीच आहेत. जे अवघड, ते पॉलिथिन आपल्या शेतात. या विषयावर उत्साहानं लिहिणारे हा विरोधाभास सहसा टाळतात.

‘आपोआप विरघळणारा’ म्हणून बाजारात येणारा पेपर घेताना आणखी सावध राहायला हवं. काहींत फक्त लवकर चुरा व्हावा म्हणून द्रव्य घातलेलं असतं. युरोपीय संघानं असं प्लास्टिक २०१९च्या निर्देशानं बंद केलं. आपल्याकडे २०२४च्या नियमदुरुस्तीनं जैवविघटनशील प्लास्टिकच्या व्याख्येत, मागे सूक्ष्म प्लास्टिक उरता कामा नये, अशी अट घातली. साखरेपासून करता येणाऱ्या पीएलए या प्लास्टिकच्या पिशव्याही मातीत पटकन जात नाहीत. त्यांना साधारण ५८ अंश तापमानाचं औद्योगिक कंपोस्ट लागतं, जे गावच्या उकिरड्यात टिकून मिळत नाही. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजनं २०२४मध्ये जेजुरीत पीएलएचं प्रात्यक्षिक केंद्र सुरू केलं आहे. साखरेच्या प्रदेशाला साजेसा हा प्रयत्न आहे. मात्र त्यातून बनणारी वस्तू शेवटी कुठं टाकली जाणार, हेही त्याच वेळी ठरवावं लागेल.

मातीतल्या जिवाणूंना खरोखर आवडणारं प्लास्टिक ते स्वतःच बनवतात. अन्न भरपूर आणि इतर पोषण कमी असलं, की काही जिवाणू अंगात पॉलिएस्टरचे कण साठवून ठेवतात, अडीनडीला वापरण्यासाठी. फ्रान्सच्या मॉरिस लेमॉइन्य यांनी १९२०च्या दशकात हे ओळखलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांना असा जिवाणू, हॅलोमोनास कॅम्पिसॅलिस, लोणारच्या खाऱ्या सरोवरात सापडला. २०१०मध्ये त्यांनी त्याच्या प्लास्टिकचा अभ्यास प्रसिद्ध केला. लोणार बुलढाणा जिल्ह्यात, सिद्धेश्वरपासून फार लांब नाही. या जातीचं प्लास्टिक साध्या मातीत पचतं, कारण ते पचवणारे जिवाणू तिथं आधीपासून असतात. बाहेरून अळी आणावी लागत नाही. ते बनवणाऱ्या जिवाणूचं खाद्य साखर किंवा मळी. पण आजही हे प्लास्टिक पॉलिथिनच्या कितीतरी पट महाग पडतं, आणि टरबुजाच्या एका हंगामासाठी तेवढा खर्च सिद्धेश्वरच्या शेतकऱ्यानं एकट्यानं उचलावा, असं म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही. ठिबकला अनुदान मिळतं, मल्चिंगला मिळतं. मातीत पचणाऱ्या पेपरला त्याहून जास्त का मिळू नये, हा प्रश्न शास्त्रज्ञांना नाही, कृषी खात्याला विचारायचा आहे.