आडोसा, वारा आणि वावर

रामेश्वराच्या वाटेवर तंजावरच्या भोसले राजांनी यात्रेकरूंसाठी छत्रे उभारली. ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र हे सरफोजी राजांच्या कारकिर्दीतील. थकल्याभागल्या वाटसरूला अशा ठिकाणी अन्न मिळे, निवारा मिळे. देहधर्माची सोय मात्र त्या काळी सर्वत्रच मोकळे रान आणि पहाटेचा काळोख यांच्यावर सोपवलेली असे. शहरात आज ते रानही उरलेले नाही आणि तो काळोखही. बृहदीश्वराच्या दर्शनाला, सरस्वती महालातील मराठी हस्तलिखिते पाहायला किंवा १८०३ साली मोठ्या देवळाच्या भिंतीवर कोरविलेला भोसले कुळाचा मराठी शिलालेख डोळ्यांखालून घालायला गेलेले कुटुंब दिवसभर उन्हात हिंडते, आणि त्या कुटुंबातील बायका सकाळपासून पाण्याला शिवत नाहीत. कारण विचारावे लागत नाही.

प्रवासी बाईचा हा उपास एका दिवसाचा असतो. बसस्थानकावर फुले विकणारीला तो रोजचाच. कडक उन्हात पाणी न पिणे आणि लघवी तासन्‌तास तुंबवून ठेवणे यांमुळे मूत्रमार्गाचे विकार जडतात, हे कोणताही डॉक्टर सांगेल. तेव्हा सार्वजनिक स्वच्छतागृह कसे बांधावे हा प्रश्न केवळ गवंड्याचा आणि कंत्राटदाराचा नाही. तो घराघरांतील आया-बहिणींच्या प्रकृतीचा आहे.

स्वच्छतागृह उभे असूनही बायका तेथे जाण्याचे का टाळतात? तक्रारी सहसा दोन असतात. ‘बाहेरून दिसते’ ही पहिली, आणि ‘आत जीव गुदमरतो’ ही दुसरी. गंमत अशी, की पहिली तक्रार आली म्हणजे खिडक्या बुजवतात, आणि खिडक्या बुजल्या की दुसरी तक्रार दुप्पट होते. मग कोणीतरी झरोके फोडतो आणि फिरून पहिल्याच तक्रारीपाशी येतो. जणू आडोसा आणि वारा यांचे हाडवैरच आहे! वस्तुतः तसे काही नाही. नजर सरळ रेषेत जाते. वारा वळसा घालून जाऊ शकतो. एवढे एक तत्त्व आराखडा काढणाऱ्याने ध्यानात ठेवले, तर निम्मे काम झाले.

या तत्त्वाचे अतिशय साधे उदाहरण आफ्रिकेत सापडते. तेव्हाच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, ब्लेअर प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ पीटर मॉर्गन यांनी १९७०च्या दशकात खेड्यांसाठी एक संडास सिद्ध केला. त्याची भिंत शंखाच्या वेटोळ्यासारखी वळत आत जाते. म्हणून त्याला दारच लागत नाही. दार नाही म्हणजे बिजागरी तुटणे नाही, कडी चोरीस जाणे नाही आणि वारा अडणेही नाही. खड्ड्यातून एक उंच नळी छपराच्या वर जाते. तिच्या तोंडावरून वाहणारा वारा खालची दुर्गंधी वर ओढून घेतो, आणि उजेडाकडे झेपावणाऱ्या माशा नळीच्या तोंडावरील जाळीत अडकून मरतात. मॉर्गन यांना २०१३ साली स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला.

गर्दीच्या शहरी स्वच्छतागृहात प्रत्येक खोलीला वेटोळे देणे शक्य नाही. तेथे दार हवेच. परंतु मुख्य प्रवेशाला ही युक्ती सहज लागू पडते. प्रवेशाच्या तोंडासमोर सुमारे दीड मीटर अंतरावर एक आडभिंत घालावी आणि ती दोन्ही बाजूंनी तोंडापेक्षा चांगली लांब ठेवावी. भिंतीला वळसा घालून माणूस आत जातो, चाकांची खुर्चीही वळते, वारा वळतो. रस्त्यावरची नजर मात्र भिंतीवर आपटून थांबते. येथे एक चूक पुष्कळ ठिकाणी दिसते. आडभिंत नेमकी असते, पण आतला आरसा अशा जागी लावलेला असतो, की भिंतीच्या कडेने पाहणाऱ्याला त्यात आतले सगळे दिसावे. आरसा ही नजरेची खिडकीच होय. आराखड्यावर पट्टी ठेवून तिच्याही रेषा ओढून पाहाव्यात. तसेच बसमध्ये बसलेल्या माणसाची नजर पायी चालणाऱ्याच्या नजरेपेक्षा बरीच वर असते, आणि शेजारच्या इमारतीच्या गच्चीवरची तर त्याहूनही वर. झरोका किती उंच ठेवावा हे रस्त्यावर उभे राहून नव्हे, तर या जागांवर जाऊन ठरवावे लागते.

आता वाऱ्याकडे वळू. तंजावरची जुनी घरे या बाबतीत मोठी शहाणी आहेत. लांबट घर, पुढे ओटा, मध्ये आभाळाला उघडा चौक, आणि पुढच्या दारापासून परसदारापर्यंत दारे बहुधा एका ओळीत. चौकातली तापलेली हवा वर निघून जाते आणि तिच्या जागी ओट्याकडून हवा आत येते. ओळीतली दारे स्वच्छतागृहात चालणार नाहीत हे उघड आहे. पण चौक चालेल, नव्हे, तोच हवा. पुरुषांचा आणि स्त्रियांचा विभाग यांच्या मध्ये उंच भिंतींचा एक उघडा चौक ठेवला, तर दोन्हींकडची हवा त्यातून वर जाईल आणि दोन्ही विभागांचा आवाजही एकमेकांपासून दूर राहील.

तंजावरला निसर्गाने आणखी एक देणगी दिली आहे. उन्हाळ्याच्या अखेरीपासून वारा साधारणपणे नैर्ऋत्येकडून येतो आणि ऑक्टोबरपासून ईशान्येकडून. म्हणजे दिशा उलटते, पण रेषा तीच राहते. इमारतीच्या लांब बाजू या दोन दिशांना केल्या, की दोन्ही ऋतूंत वारा मिळतो. अडचण एकच. उन्हाळ्यात जो वारा हात धुण्याच्या जागेकडून शौचकूपांकडे जाईल, तोच हिवाळ्यात उलट येऊन शौचकूपांची घाण हवा दाराशी आणील. म्हणून हवा बाहेर जाण्याची मुख्य वाट वर, छपराच्या मध्यभागी, उंच धुराड्यासारखी असावी. आत येणारी हवा खालून यावी, तापावी, वर चढावी आणि बाहेर पडावी. मग वारा कोणत्याही बाजूचा असो, किंवा मुळीच नसो.

तमिळनाडूच्या या भागात वर्षाच्या पावसापैकी निम्म्याहून अधिक पाऊस ईशान्येकडून येतो. त्यामुळे त्या बाजूच्या झरोक्यांवर रुंद छज्जा आणि तिरप्या फळ्या हव्यात. सूर्याचीही एक गोष्ट पुण्या-मुंबईच्या माणसाच्या लक्षात येत नाही. तंजावरला एप्रिलच्या मध्यानंतर ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत भर दुपारी सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. तेव्हा सावली उत्तरेच्या भिंतीलाही पाहिजे. आणि छप्पर उंच व मोकळे ठेवायचे, तर ते घट्ट बांधलेलेही असले पाहिजे. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी आलेल्या ‘गज’ चक्रीवादळाने ओरत्तनाडू-पट्टुकोट्टै भागातील माडांच्या बागा आणि घरांची छपरे यांची जी दशा केली, ती तेथील लोक विसरलेले नाहीत.

प्रत्येक खोलीच्या मधल्या भिंती जमिनीपासून सात फुटांपर्यंत असाव्यात आणि त्यांच्या वरची जागा मोकळी. परदेशी नमुन्यांत भिंतीखाली वीतभर फट ठेवतात. आपल्याकडे पाण्याचा वापर अधिक, म्हणून एकीचे पाणी दुसरीच्या पायांशी येते. शिवाय आता प्रत्येक खिशात कॅमेरा असलेला फोन आहे. ती फट बंद करावी, आणि खालची हवा दाराच्या तिरप्या पट्ट्यांमधून घ्यावी. पट्ट्या एकमेकींवर चढलेल्या असल्या, की हवा शिरते, नजर शिरत नाही. आत खांद्याच्या उंचीवर पिशवीसाठी एक मजबूत खुंटी आणि कोपऱ्यात झाकणाचा डबा असावा. इतक्या क्षुल्लक गोष्टींवाचून लाखो रुपयांची इमारत निरुपयोगी ठरते. ओल्या फरशीवर पिशवी ठेवून एका हाताने साडी आणि दुसऱ्या हाताने मूल सांभाळण्याची कसरत आराखडा काढणाऱ्याने एकदा स्वतः करून पाहावी!

वावराचा विचार सर्वांत कमी होतो. येणारे आणि जाणारे एकाच अरुंद वाटेत समोरासमोर आले, की धक्काबुक्की ठरलेलीच. दोन ओळींमधील वाट निदान दीड मीटर असावी. म्हणजे दार बाहेर उघडले तरी कोणाच्या कपाळावर आदळत नाही. दार बाहेरच उघडावे. आत कोणी घेरी येऊन पडले, तर आत उघडणारे दार त्याच व्यक्तीच्या भाराने अडते.

रांगेचे शास्त्र तर पुण्याच्या झोपडवस्तीतील बायकांकडून शिकावे. १९९९ ते २००१ या काळात पुणे महापालिकेने स्वयंसेवी संस्थांच्या हातून वस्त्यांमध्ये ४००हून अधिक सामुदायिक शौचगृहे बांधून घेतली. त्यांत ‘स्पार्क’ ही संस्था आणि ‘महिला मिलन’च्या बचतगटांतील बायका होत्या. जुन्या शौचगृहांचा त्रास ज्यांनी सोसला, त्यांनीच नव्यांची मांडणी ठरविण्यात भाग घेतला. स्त्री-पुरुषांची प्रवेशद्वारे वेगळी झाली, उजेड आणि वारा वाढला, पाण्याची मोठी टाकी आली. पण त्यांनी सुचविलेली खरी मोलाची गोष्ट म्हणजे मुलांसाठी वेगळी जागा. मोठ्यांच्या रांगेत लहान मूल नेहमीच मागे ढकलले जाते आणि मोठ्या भोकाच्या भांड्याला ते भिते. म्हणून लहान भांडी आणि धरायला मुठी. कोणत्याही प्रमाणपुस्तकात न शोधता हे त्यांना ठाऊक होते.

वावर आणखी एकाचा असतो, आणि तो म्हणजे सफाई कामगाराचा. जुन्या वाड्यांच्या मागे बोळ असे आणि त्या बोळातून माणसाला मैला वाहून न्यावा लागे. कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी आयुष्याची कितीतरी वर्षे ही प्रथा नाहीशी व्हावी म्हणून संडासाच्या नव्या रचनेवर खर्चिली. १९९३ आणि २०१३ या साली कायदेही झाले. तो बोळ आता निराळ्या कामासाठी परत आणावा. शौचकूपांच्या दोन ओळी पाठीला पाठ लावून बांधाव्यात आणि त्यांच्या मध्ये एक माणूस ताठ उभा राहून काम करील एवढी, सुमारे ९० सेंटिमीटर रुंदीची, नळांची वाट ठेवावी. तुंबलेली नळी तेथून मोकळी करता येते. त्यासाठी बायकांचा विभाग तासभर बंद ठेवावा लागत नाही, फरशी फोडावी लागत नाही, आणि कोणालाही घाणीत हात घालावा लागत नाही. वरचे धुराडेही याच वाटेवर घ्यावे.

राहता राहिली देखभाल करणारीची बैठक. ती बहुधा दाराच्या अगदी तोंडाशी, जेथे वास सर्वांत जास्त, तेथे एका स्टुलावर असते. तिची खोली आडभिंतीच्या टोकाशी, वाऱ्याच्या बाजूला, सावलीत असावी. दोन्ही दारे तिला दिसावीत, आतले काही दिसू नये. खोलीत पिण्याच्या पाण्याचा माठ ठेवायला जागा असावी.