लाव्हारसाचे माहेर

१० जानेवारी १९७७ रोजी मध्य आफ्रिकेतील न्यीरागोंगो या ज्वालामुखीच्या उतारांना भेगा पडल्या आणि त्याच्या विवरात वर्षानुवर्षे खदखदणारे लाव्हारसाचे तळे तासाभरात रिते झाले. बाहेर पडलेला रस पाण्यासारखा धावला. वरच्या उतारांवर त्याचा वेग ताशी ६० किलोमीटरच्या घरात गेला असावा, असा अंदाज आहे. एरवी लाव्हारसापासून माणूस चालत दूर जाऊ शकतो. येथे पळूनही सुटका नव्हती. २००२ साली याच डोंगराचा लाव्हारस पायथ्याच्या गोमा शहरातून वाहत थेट किवू सरोवरात शिरला. २०२१ साली तो पुन्हा शहराच्या वेशीवर येऊन थांबला.

हा रस इतका पातळ का? साखरेच्या पाकाची आठवण करा. साखर जास्त तितका पाक घट्ट. लाव्हारसात साखरेचे काम सिलिका करते. तिचे कण एकमेकांत गुंतून साखळ्या तयार होतात आणि रस चिकट बनतो. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टमध्ये, सिलिका सुमारे ५० टक्के असते. न्यीरागोंगोच्या खडकात ती ४० टक्क्यांच्या आसपास, कधी त्याहूनही कमी भरते. पण मग पुढचा प्रश्न येतोच: ती कमी का?

त्यासाठी हा रस जेथे जन्मला तेथे जायला हवे. न्यीरागोंगो पूर्व आफ्रिकेच्या खचदरीत आहे. अफारच्या वाळवंटापासून मोझांबिकपर्यंत ३,००० किलोमीटरहून अधिक लांबीच्या या पट्ट्यात आफ्रिका खंड उभा फाटत आहे. वेग दर वर्षाला काही मिलिमीटर, म्हणजे आपली नखे वाढतात त्याहून मंद. खंड ताणला गेला की त्याचा तळ पातळ होतो आणि खालचे प्रावरण वर सरकते. प्रावरण म्हणजे वितळलेल्या रसाचे भांडे, असा समज पुस्तकांतील लाल-पिवळ्या चित्रांमुळे झाला आहे. तो चुकीचा आहे. प्रावरण घनच असते. मात्र ते अतिशय तापलेले असते आणि केवळ प्रचंड दाबामुळे वितळत नाही. प्रेशर कुकरमध्ये पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, पण दाब सुटला की एकदम उकळी फुटते. तसेच येथे घडते. दाब उतरला की जादा उष्णता न देताही खडक वितळू लागतो.

तो सगळाच्या सगळा वितळत नाही, आणि खरी मेख येथेच आहे. बर्फाचा गोळा चोखला की आधी रंग आणि गोडी तोंडात येते आणि काडीला फिका बर्फ उरतो. खडकाचा शेकडा एकदोन भाग वितळला, तर पोटॅशियम, सोडियम, कार्बन डायऑक्साइड यांसारखे स्फटिकांत नीट न मावणारे घटक त्या थोड्याशा रसात गोळा होतात आणि सिलिका कमी पडते. शेकडा दहापंधरा भाग वितळला, तर साधा बेसाल्ट मिळतो. अफारमध्ये खंड जवळजवळ फाटून गेला आहे. तेथील एर्ता आले ज्वालामुखी बेसाल्टच ओकतो. न्यीरागोंगोखाली खंडाचा तळ अजून जाड आहे. तेथे प्रावरण खोलवर आणि अगदी थोडे वितळते. गोम्याच्या आसपासच्या खोलगट जागांत कार्बन डायऑक्साइड साचून माणसे व गुरे गुदमरतात. स्थानिक लोक त्याला 'माझुकू' म्हणतात. तो वायूही याच खोल मुळाशी जोडलेला आहे.

खोली कशी कळते? गार्नेट हे खनिज प्रावरणात साधारण ७० ते ८० किलोमीटरच्या खाली टिकते आणि यिटर्बियमसारखी जड विरल मृदा मूलद्रव्ये आपल्यापाशी धरून ठेवते. लाव्हात लँथॅनम भरपूर आणि यिटर्बियम नगण्य असेल, तर रस गार्नेटच्या मुलखातून आला असे समजावे.

या दरीतील सर्वांत चमत्कारिक रस मात्र टांझानियातील ओल दोइन्यो लेंगाईचा. मसाई भाषेत याचा अर्थ देवाचा डोंगर. त्याच्या लाव्हात सिलिका जवळजवळ नसतेच. तो धुण्याच्या सोड्याचा भाऊबंद, म्हणजे सोडियम व कॅल्शियमचे कार्बोनेट. तापमान जेमतेम ५०० ते ६०० अंश. बाहेर येतो काळा आणि हवेतील ओल शोषून थोड्याच दिवसांत पांढरा पडतो. असा लाव्हा ओकणारा दुसरा जागता ज्वालामुखी जगात नाही. सोडा आणि कार्बन डायऑक्साइड यांनी भरलेल्या शिलारसातून, पाण्यापासून तेल वेगळे व्हावे तसा, हा रस वेगळा होतो, असे बहुतेक तज्ज्ञ मानतात.

रस वाटेत कशात मिसळला हेही तपासता येते. जुन्या ग्रॅनाइटात रुबिडियम अधिक असते आणि त्याचे अतिमंद गतीने स्ट्राँशियम-८७ मध्ये रूपांतर होते. निम्मे रुबिडियम-८७ संपायला सुमारे ४,९०० कोटी वर्षे लागतात. त्यामुळे स्ट्राँशियम-८७ चे ८६ शी गुणोत्तर महासागरी बेसाल्टमध्ये ०.७०३ च्या आसपास, तर जुन्या भूकवचात ०.७१ च्या बरेच वर असते. आपल्या घाटांतही हीच कसोटी लावली गेली. आंबेनळीचे थर ०.७०४ च्या जवळ, म्हणजे बरेचसे निर्भेळ. बुशे थर ०.७१३ च्या वर, म्हणजे वाटेत भूकवच पचवून आलेले.

आणखी एक साक्षीदार हेलियम. हेलियम-३ पृथ्वीच्या जन्मापासून खोल साठलेला आहे, तर हेलियम-४ युरेनियम व थोरियमच्या किरणोत्सर्गातून सतत तयार होतो. महासागरी कण्यांवरील बेसाल्टमध्ये हेलियम-३ चे प्रमाण हवेच्या सुमारे आठ पट असते. अफार व इथिओपियातील काही नमुन्यांत ते पंधरा पटींहून अधिक भरले. म्हणून तेथे फार खोलातून तप्त प्रावरणाचा लोट वर येत असावा, असे मानतात. केनियातील बऱ्याच नमुन्यांत मात्र आकडा सागरी कण्यांएवढाच येतो. साऱ्या दरीखाली एकच लोट आहे की अनेक, यावर भूवैज्ञानिकांचा वाद अजून चालू आहे.