लायसन कोणते काढावे आणि शिकण्याचा खर्च कुठून आणावा?

खानदेशातल्या आपल्या वस्त्यांमध्ये बारावीचा निकाल लागला की घरोघर एकच प्रश्न निघतो. मुलाने आता पुढे काय करायचे? ज्याला गुण बरे पडले तो कॉलेजात जातो. ज्याला पडले नाहीत, किंवा ज्याच्या घराला कॉलेजचा खर्च झेपत नाही, तो एमआयडीसीत रोजंदारीला लागतो. नाहीतर एखाद्या ट्रकवर क्लीनर म्हणून चढतो. दोन-तीन वर्षे तो टायर बदलतो, काच पुसतो, ढाब्यावर पाणी भरतो. मग एके रात्री उस्तादाला झोप येते आणि तो म्हणतो, "घे रे, धर स्टिअरिंग." आपल्याकडचे निम्मे ड्रायव्हर असेच तयार झाले. हातात गाडी आली, पण खिशात लायसन नाही; आणि असलेच तर ते भलत्याच वर्गाचे.

हा लेख अशा मुलांसाठी आणि त्यांच्या आई-वडिलांसाठी आहे.

ड्रायव्हरचे काम आपल्या भागात नेहमीच निघत राहणार, यात शंका नाही. धुळे शहराजवळ मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर आणि सोलापूरकडे जाणारा असे तीन मोठे महामार्ग एकत्र येतात. रावेर, यावल, चोपड्याची केळी ट्रकने उत्तरेकडे जाते. जळगावच्या डाळ मिल, पाइप आणि चटईचे कारखाने, भुसावळजवळचे दीपनगरचे वीज केंद्र, धुळ्याची अवधान एमआयडीसी, या सगळ्यांचा माल चाकांवरच चालतो. धुळे आणि जळगाव हे एसटीचे दोन स्वतंत्र विभाग आहेत. तेव्हा काम आहे का, हा प्रश्न नाही. आपला मुलगा त्या कामाला नीट शिकून जातो की अर्धवट, हा खरा प्रश्न आहे.

चाळीसगावची गोष्ट

अर्धवट शिकलेल्या हाताचा धोका काय असतो, याची एक मोठी साक्ष आपल्याच जिल्ह्यात आहे. १९२९ साली अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सभासद म्हणून बाबासाहेब खानदेशात आले होते. धुळ्याकडचे काम आटोपून ते चाळीसगावला उतरले. स्टेशनवर आलेल्या आपल्या लोकांनी त्यांना वस्तीवर मुक्कामाचा आग्रह केला. परंतु एकही टांगेवाला त्यांना नेण्यास तयार होईना. बॅरिस्टर झाला म्हणून काय झाले, अस्पृश्याचा टांगा हाकणे कमीपणाचे, असा तो हिशेब. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही. मग आपल्यातलाच एकजण लगाम धरून बसला. त्याला टांगा हाकता येत नव्हता. आधी एका मोटारीशी टक्कर होता होता वाचली. पुढे नदीवरच्या फरशीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, त्यांचा पाय मोडला आणि घोडा टांग्यासकट नदीत पडला. ही हकिगत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

जातीचा अन्याय तर त्यात आहेच. पण आणखी एक गोष्ट आपण ध्यानात घ्यावी. त्या माणसाकडे प्रेम होते, जिद्द होती, आपल्या नेत्याबद्दल आदर होता. शिक्षण तेवढे नव्हते, कारण ते त्याला कोणी मिळू दिले नव्हते. आज शिकण्याची दारे उघडी आहेत. आज जो न शिकता गाडीवर बसतो, त्याला ती सबब सांगता येणार नाही.

कोणता वर्ग निवडावा?

लायसन म्हणजे एकच कागद असतो, असा आपल्याकडे समज आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे, आणि त्यात गाड्यांचे वर्ग पाडलेले आहेत. आपल्या मुलांना मुख्यतः तीन पायऱ्या समजून घ्यायच्या आहेत.

पहिली पायरी हलक्या मोटार वाहनाची. भरलेल्या मालासह ज्या गाडीचे ठरलेले एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत आहे, ती हलकी गाडी. छोटा हत्ती, पिकअप, लहान टेम्पो, कार या यात येतात. अशी गाडी धंद्यासाठी चालवायची तर लायसनवर वाहतुकीची वेगळी नोंद हवी की नको, यावर विमा कंपन्या आणि गाडीमालक वर्षानुवर्षे कोर्टात भांडत होते. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला, की या वजनाच्या आतील वाहतुकीची गाडी चालवण्यास हलक्या वाहनाचे लायसन पुरेसे आहे. म्हणजे ज्याला जळगावच्या बाजारात पिकअप चालवायची आहे, त्याने जड वाहनाच्या लायसनसाठी कर्ज काढण्याचे कारण नाही. प्रवासी भाडे मारायचे असेल तर बिल्ल्याचा विषय मात्र वेगळा. तो आरटीओत विचारूनच पुढे जावे.

दुसरी पायरी जड वाहनाची. ट्रक, मोठी बस, डंपर यासाठी वयाची २० वर्षे पूर्ण लागतात आणि हलक्या वाहनाचे लायसन निदान एक वर्ष जुने असावे लागते. इथेच पुष्कळ घरे चुकतात. अठराव्या वर्षी ज्याने हलक्या वाहनाचे लायसन काढले, तो वीस पूर्ण होताच जड वाहनाच्या शिकाऊ परवान्याला पात्र होतो. ज्याने विसाव्या वर्षी सुरुवात केली, त्याचे आणखी एक वर्ष वाया जाते. म्हणून मुलाने पुढे ट्रक चालवायचा की नाही हे ठरले नसले, तरी अठरा पूर्ण होताच हलक्या वाहनाचे लायसन काढून ठेवावे.

तिसरी पायरी धोकादायक माल नेणाऱ्या टँकरची. मनमाडजवळ पानेवाडीला पेट्रोल-डिझेलचे मोठे डेपो आहेत. अशा टँकरवर बसायचे तर तीन दिवसांचे वेगळे प्रशिक्षण आणि लायसनवर तशी नोंद लागते. नियमाप्रमाणे त्या ड्रायव्हरला एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता आली पाहिजे.

वाहतुकीच्या लायसनची मुदत २०१९ च्या दुरुस्तीपासून ५ वर्षे आहे, धोकादायक मालासाठी ३ वर्षे. नूतनीकरणाची तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

लायसनला शाळा नको, पण नोकरीला हवी

वाहतुकीच्या लायसनसाठी पूर्वी आठवी पास असण्याची अट होती. ती केंद्र सरकारने २०१९ मध्ये काढून टाकली. ज्या बांधवांची शाळा लहानपणी सुटली त्यांना याचा फायदा झाला, हे चांगलेच झाले. पण त्यावरून कोणी मुलाला शाळेतून काढू नये. एसटीच्या ड्रायव्हर भरतीच्या जाहिरातींत दहावी पास, जड वाहनाचे लायसन, बिल्ला आणि अनुभव अशा अटी आलेल्या आहेत. म्हणजे लायसन अडाण्यालाही मिळेल, परंतु पगारी, पेन्शन-फंडाची, सुट्टीची नोकरी दहावीच्या दाखल्यावाचून मिळणार नाही. दोन्ही कागद हातात असावेत.

आणखी एक गोष्ट पैसे भरण्याच्या आधी करावी. मुलाचे डोळे तपासून घ्यावेत. वाहतुकीच्या लायसनसाठी डॉक्टरचा दाखला लागतो आणि त्यात लाल-हिरवा रंग ओळखता येतो का, हेही पाहिले जाते. काही मुलांना जन्मापासून हे रंग नीट कळत नाहीत आणि घरात कोणाला त्याचा पत्ता नसतो. सरकारी दवाखान्यात आधी तपासणी झाली तर पुढची फी वाचते.

एजंट आणि पावती

माझ्याकडे अर्ज भरून घ्यायला येणाऱ्या आया-बहिणी पहिले वाक्य असे बोलतात, "भाऊ, आमना पोऱ्याले लायसन काढी द्या." शिकवा, असे क्वचितच कोणी म्हणते. एका धुणीभांडी करणाऱ्या बहिणीने बचत गटातून कर्ज काढून एका एजंटाला दिले. मुलाला महिनाभर गाडीला हात न लावता जड वाहनाचे लायसन मिळाले. नंतर एका ट्रान्सपोर्टवाल्याने त्याला गाडी मागे घेऊन दाखव म्हटले. त्याला ती घेता आली नाही. मुलगा घरी परत आला, आणि बचत गटाचा हप्ता आई अजून भरते आहे.

हिशेब मांडून पाहू. केंद्राच्या २०१६ च्या दरपत्रकाप्रमाणे शिकाऊ परवान्याला १५० रुपये, त्याच्या परीक्षेला ५० रुपये, गाडी चालवण्याच्या चाचणीला ३०० रुपये आणि लायसनला २०० रुपये. एका वर्गाचे मिळून ७०० रुपये, वर किरकोळ आकार. यापेक्षा जे हजारो रुपये मागितले जातात, ते कशाचे? ते शिकवण्याचे असतील तर जरूर द्यावेत, पण मग शिकवून घ्यावे.

वाहतुकीच्या गाडीसाठी मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्र लागतेच. त्या प्रशिक्षणाचा काळ नियमाने निदान ३० दिवसांचा आणि प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे निदान १५ तास ठरलेला आहे. २०२१ च्या नियमांनी जी मोठी मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रे सुरू करण्याची सोय झाली, तिथे जड वाहनाचा अभ्यासक्रम सहा आठवड्यांत ३८ तासांचा आहे. स्कूलमध्ये नाव घालताना तीन प्रश्न विचारावेत. आरटीओची मान्यता कोणत्या वर्गाची आहे? शिकवण्यासाठी ट्रक किंवा बस स्वतःची आहे का? पैशाची पावती मिळेल का? पावती द्यायला जो कचरतो, त्याच्याकडे जाऊ नये.

खर्चाची सोय

आता पैशाचे. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ साली स्थापन झाले. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठीच ते आहे आणि त्याचे कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी असते. त्याच्या प्रशिक्षण योजनेत तरुणांना धंद्याचे शिक्षण मोफत देण्याची सोय आहे आणि ड्रायव्हिंग हा त्यातला जुना विषय आहे. यंदा कोणते वर्ग आहेत, उत्पन्नाची मर्यादा किती आहे, हे समक्ष जाऊन विचारावे.

दुसरी जागा जिल्हा परिषदेचा समाजकल्याण विभाग. जिल्हा परिषदेने आपल्या उत्पन्नातील २० टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च करायची असते. त्यातून कोणत्या योजना घ्यायच्या हे दरवर्षी ठरते, आणि ड्रायव्हिंगचे प्रशिक्षण त्यात घेता येते. आपण मागणीच केली नाही तर ते घेतले जाणार कसे? ग्रामपंचायत सदस्य, पंचायत समिती सदस्य यांच्यामार्फत लेखी मागणी जावी. पुण्याच्या बार्टी संस्थेच्या प्रशिक्षणाच्या जाहिराती पाहाव्यात. ग्रामीण तरुणांसाठी बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहेत. त्यांच्या यादीत हलक्या वाहनाच्या मालक-चालकाचा ३० दिवसांचा मोफत अभ्यासक्रम आहे.

शिकून झाल्यावर, दोन-तीन वर्षे दुसऱ्याच्या गाडीवर हात बसल्यावर, स्वतःच्या गाडीचा विचार करावा; त्याआधी नको. महामंडळाच्या बीजभांडवल योजनेत बँक ७५ टक्के, महामंडळ २० टक्के आणि आपण ५ टक्के अशी वाटणी असते. चार लाखांच्या जुन्या-नव्या पिकअपचा प्रस्ताव मंजूर झाला, तर बँकेचे तीन लाख, महामंडळाचे ऐंशी हजार आणि घरचे वीस हजार. पण गाडी दारात उभी राहिली तरी हप्ता उभा राहत नाही. ज्याला भाडी कुठून मिळतात हे ठाऊक नाही, त्याने कर्जावर सही करू नये.

कागद आधी तयार ठेवा

योजना जाहीर होते आणि अर्जाला पंधरा दिवस मिळतात. तेवढ्यात जातीचा दाखला निघत नाही. म्हणून प्रांत कार्यालयातून जातीचा दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, रेशन कार्ड, आधार आणि बँकेचे पासबुक आधीच एका पिशवीत ठेवावे. जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो; आजोबा-पणजोबांची शाळेची किंवा जन्माची नोंद शोधावी. बौद्धांना केंद्राच्या सवलती १९९० च्या कायदा दुरुस्तीने मिळाल्या. केंद्राच्या पैशातील योजनेला केंद्राच्या नमुन्यातील दाखला मागतात, तोही काढून ठेवावा.

आणि हे सारे केवळ मुलांसाठी आहे असे समजू नये. एसटीत २०२३ पासून महिला ड्रायव्हर बस चालवीत आहेत. स्कूटी चालवणारी आपली मुलगी पिकअपही चालवील. तिच्या नावाचा अर्ज भरताना वडिलांचा हात थांबू नये.

येत्या रविवारी प्रत्येक वस्तीने एवढे करावे. अठरा ते पंचवीस वयाच्या मुला-मुलींची यादी करावी. कोणाकडे दहावीचा दाखला आहे, कोणाकडे जातीचा, कोणाकडे हलक्या वाहनाचे लायसन, असे तीन रकाने आखावेत. रिकामे रकाने मोजावेत आणि सोमवारी चार जणांनी मिळून प्रांत कार्यालय, महामंडळ आणि जिल्हा परिषद अशी एकच फेरी मारावी. एकटा गेलेला मुलगा खिडकीवरून परत फिरतो. चौघे यादी घेऊन गेले, तर साहेब निदान खुर्चीवरून मान वर करून बघतो.