बुखारीवरचं तांबडं कडं

हिवाळ्यात काश्मीरमधल्या एखाद्या घरात गेलात, तर खोलीत एक ठेंगणं लोखंडी पिंप दिसेल. त्यातून निघालेला पत्र्याचा पाइप थेट बाहेर गेलेला. ही बुखारी! पोटात लाकडं सारायची, झाकण लावायचं आणि डोक्यावर पाण्याची किटली ठेवून द्यायची. 21 डिसेंबरला तिथे ‘चिल्लई कलां’ सुरू होतो, म्हणजे कडाक्याच्या थंडीचे चाळीस दिवस. तेव्हा बुखारीला सुट्टी नाही.

आता सांगा, हिला गंज कधी चढत असेल? रोजचा जाळ, धूर, वरून किटलीचं पाणी, म्हणजे हिवाळ्यातच ना?

छे! गंज चढायला हवेतला ऑक्सिजन लागतो, तसं पाणीही लागतं. आणि तापलेल्या पत्र्यावर पाणी टिकतंय कुठे? किटलीतून उडालेला थेंब थुईथुई नाचतो आणि गायब होतो. (पत्रा फारच तापला असेल तर थेंब त्याला टेकतसुद्धा नाही, स्वतःच्याच वाफेवर तरंगतो. लायडेनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन डॉक्टरांनी लोखंडी चमचा लालबुंद तापवून ही गंमत पाहिली आणि 1756 मध्ये लिहून ठेवली.)

खरी पंचाईत होते ती बुखारी विझल्यावर. उन्हाळाभर ती गार पडून असते. पाइपातून पावसाचं पाणी आत उतरतं, तळाची राख ओल धरून बसते. वरच्या पत्र्यावर एखादा थेंब राहून गेला, तरी तिथे तांबडा डाग उमटतो.

हा डाग नीट बघा हं. पुष्कळदा तो कड्यासारखा असतो. असं का? थेंबाच्या काठाला हवा जवळ, म्हणून ऑक्सिजन भरपूर. मध्यभागी तो कमी पोचतो. मग काठाचं लोखंड झिजत असेल, असं कुणालाही वाटेल. पण झिजतं मधलं! तिथलं लोखंड पाण्यात विरघळून काठाकडे निघतं, वाटेत ऑक्सिजनशी गाठ पडते आणि तिथेच त्याचा गंज होऊन बसतो. म्हणजे खड्डा एकीकडे, गंज दुसरीकडे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तसं आपण उगाच कड्याकडे बोट दाखवतो! केंब्रिजचे शास्त्रज्ञ इव्हान्स यांनी मिठाच्या पाण्याचा थेंब लोखंडावर ठेवून हे शंभरेक वर्षांपूर्वी दाखवून दिलं.

डाग काढायचा तर पाणी ओतून धुवायचं नाही, तो गंजाला खाऊच आहे. गार बुखारीतली राख काढायची, डाग पॉलिश पेपरने कोरडाच घासायचा, पुसायचा आणि वर उष्णता सोसणारा काळा रंग द्यायचा. हे काम मोठ्यांचं.

तुमच्यासाठी दुसरं काम आहे. लोखंडी विळीवर आवळा चिरला की पातं काळं पडतं, पाहिलंय? आवळ्यातलं टॅनिन आणि लोखंड यांची ती करामत. गंजावर लावायच्या काही औषधांतही हेच टॅनिन असतं. ते तांबड्या गंजाचा काळा थर करतं. टॅनिन चहातही असतं. तेव्हा बिनदुधाचा कडक चहा गार करा, गंजलेला खिळा त्यात रात्रभर बुडवा. सकाळी खिळा काळपट झालेला दिसेल आणि चहाही. पूर्वी शाई याच युक्तीने करत. तो चहा पिऊ मात्र नका. काडी बुडवून त्याने कागदावर आपलं नाव लिहून बघा.