वूफर बदलण्याआधी खुर्ची सरकवून बघा

इथे गंगाखेडमध्येच एका ओळखीच्यांकडे गेलो होतो. नवीन स्लॅबचं घर, १२ बाय १० फुटांची खोली, कोपऱ्यात सबवूफर. तक्रार अशी की ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग लावलं की नुसता ताशा ऐकू येतो, ढोल गायब. आणखी मोठा वूफर घ्यायचं जवळपास ठरलं होतं. म्हटलं, खुर्ची मधोमध आहे ती भिंतीला लावा. लावली. "अहो, आता तर घुमतंय!" आवाजाच्या बटणाला कुणी हात लावला नव्हता.

हे कसं झालं? आवाज सेकंदाला साधारण ११३० फूट जातो. १२ फुटी खोलीत भिंतीला आपटून परत यायला २४ फूट. ११३० भागिले २४, म्हणजे ४७. सेकंदाला ४७ कंपनांच्या स्वराची जाणारी आणि परतणारी लाट एकमेकींत अशी अडकते की भिंतीजवळ जोर आणि मध्यभागी जवळपास शून्य. १० फुटांचा असाच स्वर ५६चा. छतही १० फुटांवर असेल तर दोन्ही एकाच स्वरावर चढतात. म्हणून चौकोनी ठोकळ्यासारखी खोली बेसला सगळ्यात वाईट.

पत्र्याचं घर असेल तर पत्रा थरथरतो, थोडा बेस बाहेर जातो. शेजाऱ्यांना विचारा! स्लॅब आणि प्लास्टरची भिंत मात्र जवळपास सगळा परत फेकते.

मग लोक अंड्यांचे ट्रे चिकटवतात, पडदे लावतात. ५० कंपनांची लाट साडेबावीस फूट लांब असते हो, तिला इंचभर फोम काय अडवणार? उलट वरचे स्वर दबतात आणि बेस आणखी जाड वाटतो. वेचणीनंतर खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला असतो ना, तेवढी जाडी लागते. इक्वलायझरने घुमणारा स्वर खाली आणता येतो, हरवलेला भरून निघत नाही. वाढवाल तितकी परतणारी लाटही वाढते, तापतो फक्त अँप्लिफायर.

फुकटचा उपाय सांगतो. वूफर बसायच्या जागी ठेवा, गाणं लावा, आणि भिंतीकडेने रांगत ऐका. लाजू नका. जिथे सगळे खालचे स्वर सारखे लागतात, वूफर तिथे.

आमच्या गृहस्थांचा वूफर कोपऱ्यातून लांब भिंतीला आला, खुर्ची मागच्या भिंतीपासून तीनेक फूट पुढे. मोठा वूफर घ्यायचं राहूनच गेलं.