‘टॅसिटर्न’ कोणास म्हणावें?

कमी बोलणाऱ्या माणसास इंग्रजींत ‘टॅसिटर्न’ म्हणतात, एवढें कोशांत सांपडतें. परंतु तेवढ्यानें काम भागत नाहीं. न बोलण्याचीं कारणें अनेक असतात, आणि शब्द चुकला कीं माणसावर अन्याय होतो.

या शब्दाचें मूळ लॅटिन भाषेंतील ‘टाकेरे’, म्हणजे गप्प राहणें, या धातूंत आहे. ‘टॅसिट’ हा शब्दही त्याच धातूपासून निघाला. न बोलतां दिलेली संमति ती ‘टॅसिट’ संमति. ‘टॅसिटर्न’ मात्र माणसाच्या स्वभावाविषयीं योजतात. ज्यास मुळांतच बोलण्याची आवड नाहीं, चार प्रश्नांना जो एका शब्दांत उत्तर देतो, तो टॅसिटर्न. या शब्दांत स्तुति क्वचितच असते. थोडी रुक्षतेची छटा असते. म्हणून ‘मितभाषी’ हा आपला गौरवाचा शब्द त्यास पुरता जुळत नाहीं, आणि ‘घुमा’ म्हटल्यास दोष अधिक लागतो. ‘अबोल’ हाच त्यांतल्या त्यांत जवळचा.

‘रेटिसेंट’ या शब्दाचा धातु तोच. परंतु रेटिसेंट मनुष्य एरवीं मोकळेपणानें बोलेल; स्वतःचें दुःख, मिळकत किंवा एखादें गुपित यांविषयीं मात्र तो ओठ मिटून घेतो.

ऑरेंजचा राजपुत्र विल्यम (१५३३–१५८४) याच्या उदाहरणानें हा भेद स्पष्ट होतो. नेदरलंड्सच्या स्वातंत्र्ययुद्धाचा हा पुढारी इतिहासांत ‘मौनी विल्यम’ म्हणून प्रसिद्ध आहे, लॅटिनमध्यें ‘टॅसिटर्नस’. या नांवाची कथा अशी सांगतात: इ. स. १५५९ मध्यें शिकारीच्या वेळीं फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री यानें, विल्यमला सर्व ठाऊकच आहे असें समजून, प्रॉटेस्टंट पंथीयांच्या उच्छेदाचा स्पेनच्या राजाशीं ठरलेला बेत त्याच्यापाशीं उघड केला. विल्यमनें चेहऱ्यावर कांहीं दिसूं दिलें नाहीं. वास्तविक हा राजपुत्र बोलका व मेजवान्यांचा शोकीन होता. तेव्हां त्यास शोभणारें विशेषण ‘रेटिसेंट’ हें होय.

अलीकडे ‘एखादी गोष्ट करण्यास नाखूष’ या अर्थींही ‘रेटिसेंट’ योजूं लागले आहेत. चोखंदळ लेखक तसें करीत नाहींत.

मुलाच्या प्रगतिपुस्तकांत किंवा उमेदवाराच्या शिफारसपत्रांत ‘टॅसिटर्न’ लिहिण्यापूर्वीं लिहिणाऱ्यानें एवढें पाहावें: तो बुजतो, कांहीं राखून ठेवतो, कीं मुळांतच अबोल आहे? बुजऱ्या मुलाची भीड वर्षभरांत चेपेल. कागदावरचा शेरा मात्र तसाच राहील.